लाईट गेली-आली की शेअर केलेला फोल्डर गायब होतो: कारणं आणि कायमचा उपाय

तक्रार साधारण अशी असते. खाली ऑफिसच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. त्यात बिलं, टॉवेल-चादरीच्या जेकार्ड डिझाइनच्या फाइली आणि घरचे फोटो आहेत. वरच्या मजल्यावर एक-दोन लॅपटॉप. कुणीतरी एकदा बसून फोल्डर शेअर करून दिलेला असतो आणि आठवडाभर तो छान उघडतो. मग एखाद्या दुपारी दहा मिनिटं लाईट जाते. परत आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ चालतात, म्हणजे नेट आलेलं असतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा कॉम्प्युटर सापडत नाही. ज्याच्या क्रमांकाच्या शेवटी ००३५ आहे असा एरर येतो, नाहीतर पासवर्ड विचारत राहतो आणि कुठलाच पासवर्ड घेत नाही. दोन तासांनी कुणी काही न करताच सगळं सुरू होतं. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

सोलापूरच्या साखर पेठेतलं जुनं दगडी घर असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पत्र्याची शेड असो की जुळे सोलापुरातला दुमजली बंगला, कारणं तीच चार-पाच आहेत. राउटर बंद-चालू करत राहिल्याने ती जात नाहीत, फक्त पुढच्या खेपेपर्यंत लपतात. एका रविवारी सलग दोन तास दिले तर हा त्रास कायमचा मिटतो.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. नेट चालण्यासाठी प्रत्येक यंत्राला राउटरपर्यंत पोचता आलं की पुरतं. फाइल शेअरिंगला तेवढं पुरत नाही. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कात हवीत, खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता वरच्याला ठाऊक हवा, खालच्या विंडोजने दार उघडं ठेवलेलं हवं आणि आत शिरणाऱ्याचं नाव-पासवर्ड जुळायला हवा. लाईट गेली-आली की या चारपैकी कुठलीही गोष्ट हलू शकते, आणि नेट मात्र व्यवस्थित चालत राहतं. म्हणून ‘नेट आहे म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा निष्कर्ष काढू नका.

बिघाड असतानाच दोन मिनिटांची तपासणी

काहीही बंद-चालू करण्याआधी हे करा, कारण एकदा रीस्टार्ट केलं की पुरावा जातो. खालच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर द्या. उघडलेल्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द (इंग्रजी अक्षरांत, जोडून) टाइप करून एंटर द्या. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या दोन ओळी कागदावर लिहून घ्या. हेच वरच्या लॅपटॉपवर करा. लॅपटॉपवर वायफाय आणि केबल अशा दोन जोडण्या दिसत असतील, तर ज्या जोडणीपुढे गेटवे आहे तीच लिहा.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. पत्त्याचे पहिले तीन आकडे वेगळे असतील, म्हणजे खाली १९२.१६८.१.५ आणि वर १९२.१६८.०.१०३ असं काही, तर घरात दोन नेटवर्कं आहेत. पहिले तीन आकडे सारखे, पण खालच्या कॉम्प्युटरचा शेवटचा आकडा पूर्वीपेक्षा बदललेला असेल, तर पत्ता सरकला आहे. एखाद्या यंत्रावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर पूर्ण उठण्याआधी कॉम्प्युटर सुरू झाला की असं होतं, नाहीतर केबल तरी खराब असते. आणि सगळं जिथल्या तिथे असेल, तर भानगड विंडोजच्या परवानगीत आहे.

दोन डबे, दोन नेटवर्कं

‘कधी दिसतं, कधी दिसत नाही’ या तक्रारीमागे सगळ्यात आधी हेच कारण शोधावं. फायबरच्या कंपनीने बसवलेला डबा (तांत्रिक नाव ओएनटी) हा स्वतःच राउटर असतो आणि वायफायही देतो. वर रेंज येत नाही म्हणून दुकानातून आणखी एक राउटर आणला जातो आणि डब्यातून निघालेली केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) पोर्टात खोचली जाते. त्या क्षणी घरात दुसरं नेटवर्क तयार होतं. खालचा कॉम्प्युटर पहिल्यात राहतो आणि वरचा लॅपटॉप दुसऱ्यात.

यातला चकवा असा की एका दिशेने हे चालतं. आतल्या राउटरमागचा लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कातल्या कॉम्प्युटरपर्यंत पत्ता टाइप करून जाऊ शकतो, कारण आतला राउटर त्याला इंटरनेटसारखंच बाहेर सोडतो. उलट दिशेने, म्हणजे खालून वरच्या लॅपटॉपकडे, दार बंद असतं. आणि नावाने शोधायला गेलं तर दोन्हीकडून काही सापडत नाही, कारण नावाची हाक एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही.

मग लाईट गेल्यावरच का बिघडतं? दोन्ही वायफाय लॅपटॉपमध्ये साठवलेली असतात आणि जे आधी उठेल त्याला तो चिकटतो. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जर ५२ ते १४४ या पट्ट्यातल्या चॅनेलवर असेल, तर सुरू झाल्यावर त्याला आधी किमान ६० सेकंद रडारचा सिग्नल आहे का हे ऐकत थांबावं लागतं. तोवर लॅपटॉप दुसऱ्या वायफायवर जाऊन बसलेला असतो. दोन तासांनी तो झोपून उठतो, पुन्हा जुन्या वायफायला जोडला जातो आणि फोल्डर ‘आपोआप’ दिसू लागतो.

उपाय एकच: दुसऱ्या राउटरचं राउटरपण काढून त्याला नुसता वायफाय वाटणारा करायचा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः करून घेतो. नसेल तर हाताने करा, पण याच क्रमाने. क्रम चुकला तर दोन्ही डबे एकाच पत्त्यावर येऊन आपटतात आणि सेटिंगचं पानच उघडेनासं होतं.

१. दुसरा राउटर मुख्य डब्यापासून सोडवा. लॅपटॉप केबलने फक्त त्यालाच जोडा.
२. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल, तर दुसऱ्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कातला) पत्ता १९२.१६८.१.२ करा. काही कंपन्यांचा डबा १९२.१६८.२९.१ वापरतो. तिथे दुसऱ्याला १९२.१६८.२९.२ द्या. मुख्य डबा त्याच्या डीएचसीपीमधून (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीतून) .२ हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेही पाहा. वाटत असेल तर त्याची यादी .१०० पासून सुरू करा.
३. राउटर नव्या पत्त्यावर आला की पुन्हा लॉगिन करून त्याचा डीएचसीपी बंद करा.
४. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३) मुख्य डब्यासारखाच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल मात्र वेगळं: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११.
५. आता मुख्य डब्यातून आलेली केबल दुसऱ्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनच्या कुठल्याही पोर्टात लावा.

पाचव्या पायरीला चूक होते ती रंगामुळे. वॅनचा पोर्ट निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो, हात सवयीने तिकडेच जातो आणि दुसरं नेटवर्क पुन्हा जन्माला येतं. त्या पोर्टावर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे पुढे कुणी साफसफाईत केबल काढली तरी चुकीच्या जागी लागणार नाही.

याच्या जवळचंच एक कारण: ‘गेस्ट’ वायफाय. पाहुण्यांसाठीच्या या नेटवर्कात यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. काही राउटरवर ‘एपी आयसोलेशन’ नावाचा टिकमार्क मुख्य वायफायलाही असतो. डबा बदलला किंवा रीसेट झाला की तो चालू झालेला आढळतो. नेट जोरात, पण घरातलं एकही यंत्र दुसऱ्याला दिसत नाही, प्रिंटरसुद्धा नाही, अशी अवस्था असेल तर आधी इथे बघा.

खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता पक्का करा

डीएचसीपी म्हणजे राउटरने यंत्रांना ठराविक मुदतीसाठी पत्ते वाटण्याची पद्धत. लाईट गेल्यावर स्वस्त डब्यांची वाटपाची यादी पुसली जाते, आणि जे यंत्र आधी उठेल त्याला आधीचा आकडा मिळतो. काल खालच्या कॉम्प्युटरकडे असलेला .५ हा आकडा आज टीव्हीकडे गेलेला असतो. तुमचा शॉर्टकट अजून .५ वरच जातो आणि टीव्हीचं दार ठोठावत बसतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक डीएचसीपी’ शोधा. तिथे खालच्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (बारा अक्षर-आकड्यांची ओळख) आणि त्याच्यासाठी राखायचा पत्ता भरा, समजा १९२.१६८.१.५०. काही राउटर वाटपाच्या यादीच्या आतलाच पत्ता स्वीकारतात. तसं असेल तर १९२.१६८.१.११० घ्या. वायफाय आणि केबल यांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात, म्हणून ज्या मार्गाने कॉम्प्युटर कायम जोडलेला राहणार आहे तोच मॅक भरायचा. वायफायवर असेल तर विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ या नेटवर्कापुरतं बंद ठेवा, नाहीतर ओळखच बदलेल आणि राखीव पत्ता वाया जाईल.

कंपनीने डब्याचं सेटिंग कुलूपबंद ठेवलं असेल तर पत्ता कॉम्प्युटरमध्येच लिहा: पत्ता १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० (विंडोज १० मध्ये त्याऐवजी प्रीफिक्स लेंग्थ विचारली तर २४), गेटवे आणि डीएनएस दोन्ही १९२.१६८.१.१. अशा वेळी तो पत्ता वाटपाच्या यादीबाहेरचाच हवा. हा दुसरा मार्ग चालतो, पण उद्या कंपनीने डबा बदलला आणि नव्या डब्याचे पहिले तीन आकडे वेगळे निघाले, तर या कॉम्प्युटरचं नेटच बंद पडेल. जमत असेल तोवर राउटरमधलं रिझर्व्हेशनच करा.

मग वरच्या लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५० असं टाइप करा (दोन उलट्या तिरप्या रेघा, अंक इंग्रजी) आणि एंटर द्या. शेअर केलेला फोल्डर दिसला की त्यावर उजवं क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा, झेड हे अक्षर द्या आणि ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’ला टिक ठेवा. सकाळी लॅपटॉप उघडल्यावर त्या ड्राइव्हवर लाल फुली दिसली तर घाबरू नका. लॅपटॉप वायफायच्या आधी उठला एवढाच त्याचा अर्थ. एक डबल-क्लिक केलं की ती जाते.

एक्सप्लोररच्या डावीकडच्या ‘नेटवर्क’ या यादीवर मात्र विसंबू नका. ती यादी हळू भरते, आणि खालच्या कॉम्प्युटरवरची ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस सुरू नसेल तर भरतच नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती ‘ऑटोमॅटिक’ करून ठेवा, पण रोजच्या कामाला थेट पत्ताच वापरा. कॉम्प्युटर यादीत नसला तरी पत्त्याने उघडतो.

पब्लिक की प्रायव्हेट

पत्ता बरोबर आहे, नेटवर्क एक आहे, तरी ००३५ चा एरर येतो, तर खालच्या कॉम्प्युटरवर हे तपासा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेट, त्यातल्या चालू जोडणीची प्रॉपर्टीज. ‘नेटवर्क प्रोफाइल टाइप’मध्ये पब्लिक निवडलेलं असेल तर प्रायव्हेट करा. पब्लिक म्हणजे विंडोज स्वतःला रेल्वे स्टेशनच्या वायफायवर समजतं आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक हाकेला गप्प राहतं. राउटर नवीन आला, वायफायचं नाव बदललं किंवा राउटर उठण्याआधीच कॉम्प्युटर सुरू झाला, तर विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क धरून पब्लिकमध्ये टाकतं.

त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही बटणं चालू हवीत. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) असते आणि तिच्यातही हाच पब्लिक-प्रायव्हेटचा निर्णय वेगळा घेतलेला असतो. तिथेही घरचं नेटवर्क विश्वासू म्हणून नोंदवा. लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कात शिरण्याचा खासगी मार्ग) चालू असेल तर ते बंद करून पाहा. बरीच व्हीपीएन चालू असताना घरातल्या यंत्रांकडचा रस्ता तोडतात.

दार खरंच उघडं आहे का, हे एका आदेशात कळतं. लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, मग पत्ता, मग -पोर्ट ४४५ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. उत्तराच्या शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे आणि उरलेली भानगड नाव-पासवर्डाची आहे. ‘फॉल्स’ आलं तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, फायरवॉल आणि नेटवर्कच पुन्हा तपासा. ४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट आहे, म्हणजे केबलचं भोक नव्हे, तर यंत्राच्या आतल्या दाराचा क्रमांक. पिंगच्या (यंत्र हाकेला ओ देतं का हे पाहणाऱ्या आदेशाच्या) उत्तरावर निकाल लावू नका, कारण फायरवॉल पिंग अडवते आणि ४४५ मोकळा ठेवते, असंही असू शकतं.

पासवर्ड घेत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून सविस्तर. कॉम्प्युटर सुरू करताना जो चार आकडी पिन टाकता तो फक्त त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्या खात्यानेही नेटवर्कवरून आत जाता येत नाही, विंडोज ते मुद्दाम अडवतं. आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो बहुतेकांना आठवत नाही.

या सगळ्यातून सुटायला खालच्या कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, ॲड अकाउंट असं जा. ईमेल विचारला की ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाचा पर्याय निवडा, मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हा. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा द्या. या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

मग फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग. ‘शेअर धिस फोल्डर’ला टिक द्या. परमिशन्समध्ये ‘एव्हरीवन’ काढून टाका आणि नवं खातं जोडा. वरच्यांनी फक्त बघायचं असेल तर ‘रीड’, बदलही करायचे असतील तर ‘चेंज’. एवढ्यावर थांबू नका. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्येही तेच खातं जोडून त्याला ‘मॉडिफाय’ द्या. दोन ठिकाणच्या परवानग्यांपैकी जी कडक असते तीच लागू होते. म्हणूनच ‘फोल्डर उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही’ ही तक्रार येते. अख्खा ड्राइव्ह शेअर करू नका. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि तेवढाच द्या.

लॅपटॉपवर नाव विचारलं की खालच्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरपी रेघ आणि खात्याचं नाव असं लिहा. नुसतं खात्याचं नाव दिलं तर लॅपटॉप ते स्वतःच्या खात्यांत शोधत बसण्याची शक्यता असते. कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा.

तरीही नाकारतो? मग लॅपटॉपने जुना चुकीचा पासवर्ड जपून ठेवला आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली त्या कॉम्प्युटरच्या नावाची आणि पत्त्याची, अशा दोन्ही नोंदी काढून टाका आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. रीस्टार्ट गरजेचा आहे, कारण एकाच कॉम्प्युटरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडलं की विंडोज १२१९ हा एरर देतं.

हे उपाय करू नका

जुन्या व्हिडिओंत आणि ओळखीच्या ‘जाणकारां’कडून तीन सल्ले हमखास मिळतात: पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, फायरवॉल बंद करा, एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा. तिन्ही धोक्याचे आहेत. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणीचं सॉफ्टवेअर एसएमबी १ मधल्याच दोषातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ चा फाइल वाटणारा भाग आपोआप बसवलेला येत नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरणंही बंद केलेलं आहे. त्यामुळे ‘काल चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं’ असं झालं तर विंडोजला दोष देऊ नका. पासवर्ड असलेलं वेगळं खातं हाच त्याचाही उपाय. राउटरच्या मागे लावलेली जुनी यूएसबी डिस्क या अपडेटनंतर दिसेनाशी झाली असेल, तर आधी राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहा. त्यानेही चालली नाही तर ती डिस्क खालच्या कॉम्प्युटरला लावून तिथून शेअर करा.

‘होमग्रुप’ शोधण्यातही वेळ घालवू नका, ते २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढलं गेलं. आणि राउटरमध्ये ४४५ हा पोर्ट इंटरनेटसाठी कधीही उघडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

लाईट, ऊन, धूळ

फायबरचा डबा आणि राउटर बंदच पडले नाहीत, तर वरच्या निम्म्या भानगडी उद्भवतच नाहीत. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस यासाठी पुरतो. हिशेब सोपा आहे: ८००० एमएएच, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ३० वॅट-तास, त्यातले वापरायला मिळतात साधारण २४. डबा ८ वॅट खात असेल तर तीन तास, डबा आणि दुसरा राउटर मिळून १४ वॅट खात असतील तर पावणेदोन तासांच्या आत. खरेदीआधी दोन्ही ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

घरात इन्व्हर्टर असूनही राउटर रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच पाहा. तो इको किंवा नॉर्मल मोडवर असेल तर लाईट बदलतानाची फट लांब पडते, पंख्याला ती कळत नाही पण राउटर बंद होतो. यूपीएस मोडवर टाका.

ऊन हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय आहे. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरचंच तापमान चाळिशी ओलांडतं. स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते बघा. दुपारी दोन ते पाच नेट तुटतं आणि संध्याकाळी ठीक चालतं, असं होत असेल तर संशय उष्णतेवर घ्या. डबा भिंतीवर, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा लावा. मागांच्या शेडजवळ असेल तर सुताचं तूस त्याच्या जाळ्या बुजवतं. महिन्यातून एकदा डबा बंद करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

रेंजबद्दल थोडंच. पाणी रोज येत नसल्याने घरोघरी मोठ्या टाक्या आणि पिंपं असतात, आणि पाणी वायफायचा सिग्नल शोषून घेतं. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये भरलेली टाकी किंवा लोखंडी कपाट येत असेल तर राउटर दोन हात सरकवा. जाड दगडी भिंत आणि पत्रा यांच्यापुढे कुठलाही महागडा अँटेना टिकत नाही, तिथे केबलच न्यावी. कॅट ६, शुद्ध तांब्याची (तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको), आणि भिंतीबाहेरून नेत असाल तर उन्हात टिकणाऱ्या आवरणाची.

कॉपी हळू होते

घरातल्या घरात फाइल पाठवण्याच्या वेगाशी इंटरनेटच्या प्लॅनचा काही संबंध नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर प्रत्यक्षात सेकंदाला ४ ते ६ एमबी मिळतात, म्हणजे १ जीबीची फाइल साडेतीन मिनिटांच्या आसपास. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टावर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे दीड मिनिट. गिगाबिट पोर्टावर ११० पर्यंत, म्हणजे दहा सेकंद. केबल गिगाबिटची असूनही ११ वरच अडकत असेल तर आठपैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) निसटली आहे. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कनेक्टर नव्याने मारून घ्या.

खालचा कॉम्प्युटर आणि वरचा लॅपटॉप दोघंही एकाच वायफायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्मा होतो. म्हणून ज्याच्यात फाइली आहेत त्या कॉम्प्युटरला केबल लावाच. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा वायफायवरून उघडून काम करू नका. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर डेटा खराब होऊ शकतो. तिथे दोन्ही टोकांना केबल हवी.

मोबाइलवरूनही हाच फोल्डर उघडतो. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे, अँड्रॉइडवर लॅन किंवा एसएमबी जोडता येणारा फाइल मॅनेजर लागतो. पत्ता, खातं आणि पासवर्ड तेच. मोबाइल वायफायवरच हवा.

शेवटची परीक्षा

खालच्या कॉम्प्युटरचं स्लीप ‘नेव्हर’ करा. झोपलेल्या कॉम्प्युटरचा फोल्डर कुणालाच दिसत नाही. लाईट आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा असं वाटत असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते चालू करा.

मग सगळी कामं सेव्ह करून, कॉम्प्युटर नीट बंद करून, घरचा मेन स्विच पाच मिनिटं खाली पाडा. मिनी यूपीएस असेल तर तोही मुद्दाम काढून ठेवा. स्विच वर केल्यावर कशालाही हात न लावता पाच मिनिटं थांबा, कॉम्प्युटर सुरू करा आणि वरून झेड ड्राइव्ह उघडा. उघडला तर तासाभराने पुन्हा एकदा हेच करा. दोन्ही वेळा उघडला की राखीव पत्ता, दुसऱ्या राउटरचा पत्ता, शेअरिंगच्या खात्याचं नाव आणि आजची तारीख एका कागदावर लिहून मुख्य डब्याच्या खाली चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो घरातल्या वहीत ठेवा.